बायबल अभ्यासगट आणि माझ्या तोंडातलं 'बरोबर'

पहिली दोन वर्षं मी बायबल अभ्यासगट चालवत होते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मी आठ जणांची तोंडी परीक्षा घेत होते.

तयारी दांडगी असायची. उतारा चार-पाचदा वाचलेला, दोन भाषांतरं शेजारी-शेजारी उघडलेली, कागदावर बारा प्रश्न आणि प्रत्येकाखाली अपेक्षित उत्तर. लोक यायचे, उत्तरं द्यायचे, प्रार्थना व्हायची, सगळे घरी जायचे. कुणाची तक्रार नव्हती, म्हणून तर चूक कळायला इतका वेळ लागला.

कळली ती एका कागदामुळे. मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) एका ज्येष्ठ गृहस्थांना मी म्हटलं, एकदा येऊन बसा आणि काय चुकतंय ते सांगा. ते तासभर कोपऱ्यात गप्प बसले आणि निघताना एक कागद हातात दिला. त्यावर एक गोल, गोलावर आमची सगळ्यांची नावं, आणि कोणानंतर कोण बोललं याच्या रेघा. एकूण एक रेघ माझ्या नावापाशी येऊन थांबत होती. दोन सभासदांना थेट जोडणारी एकही नव्हती. खाली लिहिलं होतं: 'बरोबर' – २३ वेळा.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण तो चांगुलपणाच्या वेशात येतो. आपण 'बरोबर' म्हणतो ते प्रोत्साहन म्हणून. ऐकणाऱ्यांना मात्र एवढंच कळतं की इथे उत्तरं तपासणारी एक व्यक्ती बसली आहे. मग बोलून झालं की ते उताऱ्याकडे बघत नाहीत, एकमेकांकडेही नाही. तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. एकाला 'बरोबर' मिळालं की प्रश्न मिटलाच. ज्याच्या मनात वेगळं काही घोळत होतं तो आता कशाला तोंड उघडेल? आणि ज्याला नुसतं 'हं' मिळालं, त्याला आपण नापास झाल्याचं न सांगता कळतं. 'छान', 'वा', 'अगदी' ही याचीच भावंडं. जोरजोरात मान डोलावणं हेही त्यातलंच. माझ्याकडे तर 'हो, पण...' नावाचं खास हत्यार होतं. त्याने मी किती जणांना गप्प केलं, देव जाणे.

एक प्रसंग अजून टोचतो. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय, उधळ्या पुत्राचा दृष्टांत. धाकटा मुलगा वाटणीचा पैसा उधळून घरी परततो, बाप मेजवानी देतो, आणि थोरला रागावून आत यायला तयार होत नाही. मोठ्या भावाबद्दल प्रश्न विचारला होता. महिनोन्‌महिने न बोलणाऱ्या एक काकू हळूच म्हणाल्या, "तो 'माझा भाऊ' म्हणतच नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो." तिसाव्या ओवीत (अध्यायातल्या क्रमांक दिलेल्या वचनाला आम्ही ओवी म्हणतो) खरंच तसं आहे, आणि बत्तिसाव्या ओवीत बाप तेच नातं फिरवून त्याच्या पदरात घालतो: 'हा तुझा भाऊ'. दृष्टांतही तिथेच थांबतो. थोरला शेवटी आत गेला की दाराबाहेरच राहिला, हे लूक सांगत नाही. अख्खी संध्याकाळ या दोन शब्दांवर बोलता आलं असतं. मी म्हणाले, "अगदी बरोबर, काकू!" आणि सहाव्या प्रश्नाकडे वळले. त्यांना पुढे काय म्हणायचं होतं, ते मला आजही माहीत नाही.

उपाय सोपा आहे, पाळायला मात्र भयंकर कठीण. उत्तर आलं की निकाल द्यायचा नाही. एक तर विचारायचं, "हे तुम्हाला कुठल्या ओवीत दिसलं?" नाहीतर, "आणखी कुणाला काय दिसलं?" आणि मग तोंड बंद ठेवायचं, मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सहाव्या आकड्याला हाताला घाम फुटला. एकीने काळजीने विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" तुमचंही असंच होईल. तीन-चार आठवडे गट गोंधळतो, कारण त्यांनाही शाबासकीची सवय लागलेली असते. मग एक दिवस कुणीतरी तुम्हाला ओलांडून समोरच्याला म्हणतं, "पण तू म्हणतोस तसं तिथे लिहिलेलं नाही." त्या क्षणी मध्ये पडू नका. कृपा करा, पडू नका.

मग चुकीचं उत्तर आलं तर? हा प्रश्न मला सगळे नवे लोक विचारतात. निकाल द्यायचा नाही म्हणजे काहीही चालवून घ्यायचं असं नाही. 'मला असं वाटतं' आणि 'इथे असं लिहिलंय' यांत फरक आहे, आणि तो तुम्हीच सांभाळायचा आहे. मात्र तुमच्या अधिकाराने नव्हे, उताऱ्याच्या अधिकाराने. यिर्मया २९:११ घ्या, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला २९वा अध्याय, अकरावी ओवी. देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत, एवढी एकच ओवी उचलून लोक परीक्षा, नोकरी, लग्न सगळ्याला लावतात. तुम्ही फक्त म्हणा, "आधीची ओवी कोणी वाचेल का?" दहाव्या ओवीत बाबेलची सत्तर वर्षं आहेत, आणि हा भाग म्हणजे बाबेलला बंदिवासात नेलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे. खोलीतला सूर आपोआप बदलतो, आणि कुणाचा अपमानही होत नाही. अध्याय आणि ओव्यांचे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. आज चालतात ते अध्याय तेराव्या शतकातले, आणि नव्या कराराचे (बायबलच्या येशूपासूनच्या भागाचे) ओव्यांचे आकडे १५५१ सालचे. एका आकड्यावर अडकलात तर मागे-पुढे वाचा.

लूक १० मध्ये नियमशास्त्राचा जाणकार येशूला प्रश्न विचारतो, तेव्हा येशू उत्तर देत नाही. शास्त्रात काय लिहिलंय आणि तू ते कसं वाचतोस, असं उलट विचारतो. गट चालवण्याचं याहून चांगलं प्रशिक्षण मला मिळालेलं नाही.

प्रश्न कसे असावेत? मार्कच्या शुभवर्तमानातला ४:३५-४१ घ्या, येशूने वादळ शांत करण्याचा उतारा. 'येशू झोपला होता का?' हा प्रश्न नव्हे. 'यातून येशूचा कोणता गुण दिसतो?' हा त्याहून वाईट, कारण तुमच्या मनातला शब्द ओळखण्याचा तो खेळ आहे. 'शिष्य सगळ्यात जास्त कधी घाबरले?' असं विचारून बघा. सगळे वादळाकडे बोट दाखवतात, मग कुणीतरी थबकून एकेचाळिसावी ओवी वाचतं: वारा पडल्यावर, सगळं शांत झाल्यावर ते 'अतिशय' घाबरले. तिथून पुढे तुमची फारशी गरज उरत नाही. असे तीन-चार प्रश्न तासाभराला पुष्कळ.

तयार प्रश्नांच्या पुस्तिका मला आवडत नाहीत. सुरुवातीला वापरा, माझं काही म्हणणं नाही, पण त्यातले प्रश्न तुम्हाला स्वतःला पडलेले नसतात आणि गटाला ते लगेच कळतं. मोबाइलवर व्याख्यान लावून 'आता चर्चा करू' म्हणणं हा तर शुद्ध आळस. आणि मार्गदर्शक निवडताना तुम्हाला तासभर सल्ले देणारा नको. तुमच्या गटात येऊन तासभर गप्प बसू शकणारा शोधा. असे फार थोडे भेटतात.

बाकीचं थोडक्यात. न विचारता कुणालाही मोठ्याने वाचायला सांगू नका. एखाद्याला वाचायला अडचण असते आणि तो पुढच्या वेळी येतच नाही. फार बोलणाऱ्याला समोर न बसवता शेजारी बसवा, नजरानजर कमी होते. नव्या माणसाला 'हबक्कूक काढा' (बायबलमधलं एक छोटंसं पुस्तक) म्हणून ताटकळत ठेवू नका, पान क्रमांक सांगा. कुणी प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट खोलीबाहेर गेली तर तो गट पुन्हा मोकळा होत नाही. यावर मी कुणाचंही काही ऐकून घेत नाही.

आणि ठरलेल्या वेळी थांबा, चर्चा रंगलेली असली तरी. माझ्या कागदावर हल्ली दर वेळी एखाद-दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. 'बरोबर' अजूनही निसटतं; मागच्या वेळी चारदा. मोजायचं काम आता काकूंनी घेतलंय.