फेरफारावरून वंशावळ काढताय? मग या चुका टाळा

आमच्या घरात आजोबांचे वडील सखाराम इथपर्यंत सगळ्यांना पाठ, त्याच्या वर अंधार. मी जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या सरकारी नोंदी, काढायला लागलो आणि पहिल्याच महिन्यात "सखाराम बिन राघो", म्हणजे राघोचा मुलगा सखाराम, सापडला. गाव तेच, आडनाव तेच, काळही जुळतोय, झालं, खापरपणजोबा राघो! घरच्या ग्रुपवर झाड काढून टाकलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि जवळजवळ दोन वर्षांनी मला कळलं की तो सखाराम आमचा नव्हताच, आमच्या सखारामाचा चुलतभाऊ होता.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरणं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात हे माहीत असतं पण कागद बघताना डोक्यात राहत नाही. एका सखारामाला तीन मुलं, त्यातल्या दोघांनी जरी बापाचं नाव पुढे ठेवलं तरी एकाच पिढीत, एकाच गावात, एकाच आडनावाचे दोन सखाराम तयार. आमच्याकडे नेमकं तेच झालेलं. म्हणून दोन नावांवर थांबू नका, तीन नावं मिळतायत का बघा, आणि मुख्य म्हणजे नावाच्या मागे न पळता जमिनीच्या मागे जा. आज तुमच्या ताब्यात जो तुकडा आहे तिथून एकेक फेरफार मागे मागे. वरून खाली आलात की हमखास दुसऱ्याच्या घरात शिरता.

माझा घोळ सुटला तो आणेवारीने, आणि याकडे लोक बघतच नाहीत म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या उताऱ्यावर नावापुढे हिस्सा आणे-पैमध्ये असतो, पूर्ण जमीन म्हणजे १६ आणे, आणि १२ पैचा एक आणा. म्हणजे ८ आणे दिसले की बहुतेक दोन वाटे, ४ आणे म्हणजे चार, आणि ५ आणे ४ पै दिसले की समजायचं तीन भावांतला एक. आमच्या सर्व्हे नंबरला चार नावं होती, दोघांना ५ आणे ४ पै आणि दोघांना २ आणे ८ पै. बेरीज करा, बरोबर १६ येते. म्हणजे मूळ भाऊ तीन, त्यातल्या एकाची दोन मुलं आणि बाकी दोघांच्या वाट्याला एकेकच नाव. माझा लाडका सखाराम बिन राघो ५ आणे ४ पैवाला निघाला. आणि आजोबांच्या वारस फेरफारात, जो माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता, हिस्सा चक्क २ आणे ८ पै! खाली वाकून बघितलं तर "सखाराम बिन महादू". हा आमचा. दोन वर्षं कागद घरात होता आणि मी फक्त नावं वाचत होतो.

अर्थात आणेवारी पण डोळे झाकून घेऊ नका. निपुत्रिक भावाचा वाटा इतरांत जातो, मग तीन भाऊ असूनही ८-८ आणे दिसतात. भाऊबंदांनी एकमेकांत खरेदी केली असेल तरी गणित फिरतं.

दुसरी चूक गट नंबरची. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर जिथे जिथे एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तुमचा आजचा गट ११२ असेल तर १९२५ च्या कागदात सर्व्हे नंबर ११२ काढू नका, ते भलत्याच कोणाचं शेत असतं. आधी एकत्रीकरणाचा उतारा काढा, त्यात जुना नंबर मिळतो, मग मागे जा. अनेक तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन आपले अभिलेख या साइटवर आलेत, नाही मिळालं तर तहसीलचा अभिलेख कक्ष आहेच, चकरा माराव्या लागतात ती वेगळी गोष्ट.

मग नावांतली बारीकसारीक भानगड. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, वल्द म्हणजेही तेच. पण कोम म्हणजे अमक्याची बायको, आणि मी एका जाणत्या माणसाला "राधा कोम गणपत" हे जात म्हणून वाचताना पाहिलंय. मर्द किंवा भ्रतार आलं तर पुढचं नाव नवऱ्याचं. बाईचं नाव लग्नात बदललेलं असू शकतं, त्यामुळे माहेरच्या गावात सासरचं नाव शोधून हाती काही लागेलच असं नाही. राघू, राघो, राघोबा एकच असू शकतो, रामा आणि रामचंद्र पण. घरी सगळे ज्याला आबा म्हणायचे त्याचं कागदावर दगडू किंवा धोंडू निघतं, कारण आधीची मुलं जगली नाहीत की मुद्दाम तसलं नाव ठेवायचे. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही तर वतनं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी पदं, ते आडनाव धरून गावातले सगळे पाटील एका झाडाला लटकवू नका. आणि बिनच्या पुढचं नाव मधेच बदललं तर आधी दत्तक बघा, मग कारकुनाला शिव्या घाला.

जमिनीवर नाव आहे म्हणजे तो घरचाच, हेही नाही. कूळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा म्हणून नाव असतं, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर अशी बरीच कुळं मालक झाली. मुदत खरेदी असेल तर सावकाराचं नाव वर्षानुवर्षं मालक म्हणून दिसतं, पैसे फिटले की जमीन परत. उलट जे घरचे आहेत ते गायब असतात. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, धाकटे भाऊ त्याच्या मागे लपलेत, त्याला एकुलता समजू नका. १९५६ च्या वारसा कायद्याच्या आधी मुलींची नावं वारसात फारशी येतच नव्हती, त्यामुळे "तीन मुलगे, मुलगी नाही" असं कागदावरून ठरवू नका.

तारखांचं थोडक्यात. वारस फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नाही, माणूस गेल्यावर दहा-पंधरा वर्षांनीही नोंद व्हायची, मृत्यूसाठी कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ बघा. शके असेल तर ७८ मिळवा. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, तिथले जुने कागद उर्दूत आणि साल फसली, त्यात साधारण ५९० मिळवा. पेशवाईतल्या मोडी कागदात सुहूर सन असतो, तोही अंकात नाही, अरबी शब्दांत. इसन्ने सबैन मया व अलफ म्हणजे २, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७२, त्यात ५९९ मिळवले की १७७१, आणि हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवायचे. सबा म्हणजे ७ आणि सबैन म्हणजे ७०, इथे घसरलात तर दोन पिढ्या इकडच्या तिकडे.

एक गोष्ट मी फार उशिरा बघायला लागलो, खरेदीखतातली चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस तमक्याचं, हे आपण वगळून वाचतो पण वाटणी झालेले भाऊ शेजारी-शेजारीच कसत असतात. महादूच्या शेताच्या उत्तरेला राघोचं नाव मला तिथेच मिळालं, आणि तिसऱ्या भावाचंही.

दुरुस्त केलेलं झाड मी ग्रुपवर टाकलं. पण एका काकांनी तोपर्यंत राघोवालं फ्रेम करून बैठकीत लावलंय, आणि ते काढायला ते तयार नाहीत.