साथीच्या काळात मधुमेह आणि फॅमिली डॉक्टर: या चुका टाळा

साथ सुरू झाली की दवाखान्यात जायची धास्ती वाटते, आणि ती अगदीच उगाच नसते. मधुमेह असलेल्यांना कोविड जास्त जड जातो, हे २०२० मध्येच दिसून आलं. पण भेट टळते तेव्हा फक्त डॉक्टरांची चिठ्ठीच टळते असं नाही. नेहमीच्या भेटीत डॉक्टर बोलता बोलता रक्तदाब घेतात, वजन करतात, मध्येच चपला काढायला लावून तळपाय बघतात. यातलं काहीच ‘उपचार’ वाटत नाही, म्हणून ते बंद पडलंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे.

जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने काढणं

गोळ्या त्याच राहतात, शरीर तसंच राहत नाही. चालणं थांबतं, जेवणाच्या वेळा बदलतात, वजन वाढतं किंवा उतरतं. खाणं कमी झालं असेल तर इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा तोच डोस साखर ७० च्या खाली नेऊ शकतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी किती द्यायची हे किडनी किती काम करते त्यावर ठरतं, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. एचबीए१सी ही साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. साखर स्थिर असेल तर ती सहा महिन्यांनी केली तरी चालते. औषध बदललं असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर तीन महिन्यांनी करावी.

“शुगर नॉर्मल आहे, डॉक्टर”

फोनवरचं हे वाक्य डॉक्टरांच्या काहीच कामाचं नाही. बरेच जण फक्त सकाळी उपाशीपोटी तपासतात. तेव्हा ११२ येते, मन निवांत होतं. रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी तीच २४० असू शकते. म्हणून वहीत तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आकडा, आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल तर दोन शब्द, एवढं लिहा. फोन करण्याआधी त्या पानाचा फोटो डॉक्टरांना पाठवा. ग्लुकोमीटरच्या मेमरीवर विसंबणार असाल तर त्यातली तारीख आणि वेळ आधी बघून घ्या. सेल बदलल्यावर काही मीटरमधलं घड्याळ मागे जातं आणि रात्रीचा आकडा सकाळचा म्हणून वाचला जातो.

आकडा विचित्र आला तर पहिला संशय बोटांवर घ्यावा. फळ कापल्यावर तसंच बोट टोचलं तर बोटाला लागलेल्या रसाने आकडा वर जातो. साथीत सगळ्यांना सॅनिटायझरची सवय लागली, पण सॅनिटायझर ही साखर नीट काढत नाही, आणि तो वाळायच्या आत टोचलं तरी आकडा चुकतो. साबण, पाणी, कोरडं बोट, बस. स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहिलं होतं का, तारीख उलटली आहे का, तेही बघा. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: प्रतिकारशक्तीच्या नावाखाली व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेतले तर काही सेन्सर साखर खोटीच जास्त दाखवतात. आकडा पटत नसेल तर हात धुऊन नव्या स्ट्रिपवर पुन्हा बघा. त्याआधी इन्सुलिन वाढवू नका.

ताप आला, जेवण गेलं, म्हणून इन्सुलिन बंद

माझ्या मते सगळ्यांत धोक्याची चूक हीच. आजारपणात शरीरातली ताणाची हार्मोन्स वाढतात आणि पोटात काही नसतानाही साखर चढते. टाइप १ मधुमेह असेल, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नसेल, तर इन्सुलिन पूर्ण थांबवणं जिवावर बेतू शकतं. उलट, उलट्या-जुलाब होत असतील तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या बहुधा तात्पुरत्या थांबवायला लागतात. या ग्लिफ्लोझिन गोळ्यांवर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) घातक प्रमाणात साचू शकतात. काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं हे ताप चढल्यावर विचारत बसू नका. धडधाकट असताना डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.

ऑक्सिजन लागलेल्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं जातं. त्याने जीव वाचतात, पण साखर झपाट्याने वाढते. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडने ती अनेकदा दुपारनंतर चढते, म्हणजे उपाशीपोटीच्या तपासणीत सापडतही नाही. स्टेरॉइड कमी किंवा बंद झालं की त्यासाठी वाढवलेलं इन्सुलिनही उतरवावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते. घरी सोडल्यावर हे सगळं फॅमिली डॉक्टरांना कळवलं नाही, तर कळवणारं दुसरं कुणी नसतं.

सगळंच फोनवर उरकणं

फोनवर आकडे पोचतात, पाय पोचत नाहीत. नसा बधिर झाल्या असतील तर तळव्याची जखम दुखतच नाही, म्हणून “दुखत नाही” ही तिथे दिलासा देणारी गोष्ट नव्हे. बरी न होणारी जखम किंवा नजर अचानक धूसर होणं याला त्याच दिवशी दाखवायला हवं. छातीत दडपण, धाप, थांबत नसलेल्या उलट्या, गुंगी यांत तर फोनवर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा. मधुमेहात हार्ट अटॅक फारसं न दुखताही येऊ शकतो.

बाकी भेट छोटी करता येते. आधी फोनवर वेळ ठरवा, रक्त-लघवीच्या तपासण्या आधीच करून रिपोर्ट हातात ठेवा, वही आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, एकट्याने जा. उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना मधुमेहाची गोळी किंवा जेवणाचं इन्सुलिन घेऊन रांगेत उभं राहू नका. ते खाताना घ्यायचं. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि पाय, या वर्षातून एकदा व्हायच्या तपासण्या साथीत पुढे ढकलल्या असतील तर साथ ओसरताच त्यांचा नंबर लावा.

आणि डॉक्टरही आजारी पडतात. दवाखाना बंद असेल तेव्हा कुणाकडे जायचं हे त्यांनाच विचारून ठेवा, आणि चालू औषधांची यादी डोसांसकट स्वतःजवळ ठेवा.