पुण्यात शिक्षक म्हणून पहिली तीन वर्षं: पगार, प्रशिक्षण आणि वाचता न येणारं मूल

डी.एल.एड. किंवा बी.एड. करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली भेटली की हातात किती येतात आणि कायम कधी करतात, हे लगेच विचारतात. वर्गात एखाद्या मुलाला वाचताच येत नसेल तर काय करायचं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मी हवेली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बहुतेक वर्षं माझ्याकडे पहिली-दुसरीच होती. पगार, प्रशिक्षण आणि मागे पडणारं मूल या गोष्टी एकमेकींत किती गुंतल्या आहेत हे इथेच कळलं, म्हणून तिन्हींबद्दल एकत्रच लिहिते आहे.

आधी पगाराचं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत लागलात तर पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षणसेवक. पगार नाही, मानधन मिळतं. पूर्वी प्राथमिकला ६,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. तीन वर्षांनी प्राथमिक शिक्षकाची नियमित वेतनश्रेणी २९,२०० मूळ वेतनापासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. म्हणजे काम तेच, वर्ग तोच, पटही तेवढाच, आणि पैशात मात्र दुपटीहून जास्त फरक. वाघोली, मांजरी किंवा धायरीकडे एखादी खोली भाड्याने घेऊन पाहा, १६,००० कुठे जातात ते महिन्याच्या मध्यालाच कळतं. बहुतेक जण दोघं-तिघं मिळून राहतात आणि पीएमपीने ये-जा करतात.

मग शिकवण्या घेऊ, असं सगळ्यांच्याच मनात येतं. इथे एक गोष्ट नीट माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. मानधन कमी आहे ही सबब चौकशीत चालत नाही. घरून मदत घेता येत असेल तर ती तीन वर्षं संकोच न करता घ्या.

नेमणुकीपर्यंतची वाट थोडक्यात. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, १५० गुणांची, खुल्या गटाला ६० टक्के लागतात. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी: २०० गुण, दोन तास, त्यात अभियोग्यतेला १२० आणि बुद्धिमत्तेला ८०. त्या गुणांवर पवित्र पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर, शाळांचा पसंतीक्रम भरायचा. वेळ बुद्धिमत्तेच्या भागात पुरत नाही, म्हणून सराव घड्याळ लावूनच करा. आणि ‘टीईटी नंतर बघू’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. वीस-वीस वर्षं शिकवलेले लोक आता पुस्तकं काढून बसलेत.

रुजू झाल्यावर कागद सांभाळायला शिका. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दरवर्षी नोंदी तपासून घ्या. तीन वर्षं पूर्ण झाली म्हणून नियमित वेतनश्रेणी आपोआप लागत नाही. प्रस्ताव जावा लागतो, आदेश निघावा लागतो. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच मुख्याध्यापकांकडे विषय काढा. खासगी अनुदानित संस्थेत असाल तर वैयक्तिक मान्यता (तुमच्या नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी) आणि शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला तुमचा क्रमांक) हे दोन शब्द पाठ करून ठेवा. शालार्थमध्ये नाव आल्याशिवाय सरकारकडून पगार निघत नाही, आणि त्यात रखडलेले शिक्षक मी पाहिले आहेत.

विनाअनुदानित शाळांचा प्रश्न वेगळा आणि जास्त बोचरा आहे. पुण्यात नव्या मुलामुलींना पहिली नोकरी बहुधा तिथेच मिळते. सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच, हा प्रकार माझ्या ओळखीच्या एकीने एका संस्थेत सोसला. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा तुमच्यासाठीच आहे. नेमणुकीचं पत्र लेखी मागा, पगार बँकेतच घ्या आणि प्रत्येक महिन्याची नोंद ठेवा. कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करावं लागतं. संस्थेशी बोलणी करण्यात ते ३० दिवस निघून जातात आणि मग हातात काही राहत नाही.

आता वर्गात येऊ.

दुसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगी होती, बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या कुटुंबातली. पुस्तकातला धडा ती घडाघडा वाचायची, ओळीखाली बोट फिरवत. वर्गातल्या पाहुण्यांसमोर वाचायला उभी करावी अशी. एकदा मी तिच्या शेजारी खाली बसून ऐकत होते तेव्हा लक्षात आलं की तोंडात जो शब्द आहे त्याच्या एक शब्द पुढे बोट आहे. मी ओळीवर पट्टी ठेवली, मधला एकच शब्द उघडा सोडला आणि विचारलं, हा कोणता? ती गप्प. मग हळूच ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत आली, शब्द मोजत मोजत, आणि त्या शब्दापाशी थांबून बरोबर सांगितला. धडा तिला पूर्ण पाठ होता. वाचता एकही शब्द येत नव्हता.

असं मूल हुशार असतं, म्हणूनच ते सापडत नाही. फळ्यावरचं सुरेख उतरवतं, कविता म्हणतं, वही स्वच्छ ठेवतं. चौथीत धडे लांब झाले, पाठ करणं जमेना, की मग ते ‘कच्चं’ ठरतं. तोवर गणितातली शाब्दिक उदाहरणंही हातची गेलेली असतात. माझं ठाम मत आहे की दुसरीच्या दिवाळीपर्यंत हे हेरायलाच हवं.

त्यासाठी वेगळं साहित्य लागत नाही. प्रत्येक मुलाला एकटं जवळ बसवून ऐका. रोज चार-पाच मुलं घेतली तर बघता बघता वर्ग पूर्ण होतो. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत वापरतात तेच टप्पे धरा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मजकूर मात्र पाठ्यपुस्तकातला नको. मुलाने कधी न पाहिलेला हवा. आणि चुकला की बरोबर, एवढंच लिहू नका, कुठे चुकला ते लिहा. ‘पाटी’ला ‘पटी’ म्हणणारा मुलगा आणि ‘किती’ला ‘कती’ म्हणणारा मुलगा यांना वेगवेगळी मदत लागते. पहिल्याला काना दिसत नाही. दुसऱ्याची अडचण पहिल्या वेलांटीची आहे: ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला हे खरोखर अवघड जातं.

त्या मुलीला मी मूळाक्षरांच्या ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतच्या रांगेत परत नेलं नाही. क, म, न, ल, र एवढीच अक्षरं आणि काना घेतला. काम, कान, नाक, मान, मका, माल, लाल. कार्डं मागेपुढे करायची, तिने शब्द लावायचा, मी लावलेला वाचायचा. ‘नाक’ उलटा केला की ‘कान’ होत नाही, काना कुठे राहतो ते बघावं लागतं, हे तिचं तिलाच सापडलं तेव्हा ती अर्धा तास कार्डं सोडायला तयार नव्हती. मग दुसरी वेलांटी, मग पहिली, मग उकार. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ती नवा परिच्छेद अडखळत का होईना स्वतः वाचत होती.

वर्गात तिच्यासारखी आणखीही मुलं होती, म्हणून रोजचा पहिला तास मी पातळीनुसार गट करून घेऊ लागले. तुम्हीही तेच करा, पण गट कायमचे ठेवू नका. दर महिन्याला पुन्हा ऐका आणि मुलांना हलवा. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट तिसरीपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचावं हे आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्येही प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जादा मदत देणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. तेव्हा अभ्यासक्रम मागे पडतोय असं कोणी म्हटलं तर हे दोन आधार शांतपणे दाखवता येतात.

शिकवण्याने सुटत नाही असंही असतं. आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा ज्यांच्या डोळ्या-कानांबद्दल शंका आहे अशा मुलांची यादी तयार ठेवा आणि पथकातल्या डॉक्टरांना त्या मुलांबद्दल स्वतः सांगा. घाईत पाहिलेली मुलं त्यांच्या नजरेतून निसटू शकतात. नीट शिकवूनही आठ वर्षांच्या आसपास अक्षरं उलटसुलट होतच राहिली तर समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. मात्र ‘याला डिस्लेक्सिया आहे’ हे वाक्य आपण पालकांना सांगायचं नाही. ते तपासणीनंतर तज्ज्ञ सांगतील. आपण काय पाहिलं तेवढं सांगायचं, वही उघडून.

साइटवरची मुलं वर्षाच्या मध्येच निघून जातात. इमारत पूर्ण झाली की वस्ती उठते. दाखला नंतर जातो, कधी जातही नाही. दाखला नाही म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही हे पालकांना सांगून ठेवा. मी एका कागदावर मूल काय वाचतं, कुठे अडतं, काय करून उपयोग झाला हे चार ओळींत लिहून आईच्या हातात देते. पुढच्या शाळेतल्या शिक्षकाचे दोन महिने त्याने वाचतात.

हे सगळं मला डी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणं पुष्कळ आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वर्षाला ५० तास सांगतं, ‘दीक्षा’ या सरकारी संकेतस्थळावर ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स आहेत, सदाशिव पेठेत एससीईआरटी ही राज्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था आहे. प्रमाणपत्र मिळतं, व्हिडिओ बरेही असतात. पण माझ्याहून अनुभवी अशा एका बाईंनी माझ्या वर्गात मागे बसून तासभर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तू विचारतेस आणि उत्तर पण तूच देतेस, तीन सेकंद थांब,’ त्या एका वाक्याने माझं शिकवणं जेवढं बदललं तेवढं कुठल्याच कोर्सने नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला रिकाम्या हाताने जाऊ नका. अडलेल्या मुलाची वही न्या आणि जेवणाच्या सुट्टीत दोन अनुभवी शिक्षकांपुढे ठेवा. परिषदेचा खरा उपयोग तिथेच होतो.

माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्या वेतनरचनेत वरिष्ठ श्रेणी १२ वर्षांनी आणि निवड श्रेणी २४ वर्षांनी, आणि दोन्हींसाठी प्रशिक्षणाची अट. शिकायची खरी निकड असते पहिल्या वर्षी. तेव्हा मानधन सगळ्यात कमी, सोबतीला कोणी नाही, बीएलओचं (मतदार यादीचं) काम आणि ‘माहिती आजच पाठवा’चे निरोप बहुधा नव्यांच्याच माथी, आणि पुष्कळदा हातात दिलेला वर्ग पहिलीचा.

नुसता पगार वाढवून मुलं शिकतात असं मी म्हणणार नाही. इंडोनेशियाने प्रमाणित शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट केलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षकांची पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण शाळांत मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना बोनस देऊन पाहिला तेव्हा गुण वाढले. तरीही चाचणीच्या गुणांवर पगार ठरवायला माझा विरोध आहे. वर्षाच्या मध्ये येणारी-जाणारी, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं ज्या शाळेत आहेत तिथे मग कोणी यायलाच धजणार नाही.

मला हवं आहे ते असं. मानधनाची तीन वर्षं बंद करून पहिल्या दिवसापासून वेतनश्रेणी द्यावी. नव्या शिक्षकासोबत त्याच केंद्रातला एक अनुभवी शिक्षक नेमावा, त्याला आठवड्यातला काही वेळ मोकळा द्यावा आणि त्या कामाचा वेगळा भत्ता द्यावा. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला निवडणूक सोडून इतर कामांतून वगळावं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकांना देता येतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे धोरणात येईल तेव्हा येईल. तोवर रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना एक साधा अर्ज द्या: शेजारच्या वर्गाच्या बाईंचा किंवा सरांचा एक तास पाहण्याची आणि त्यांनी माझा एक तास पाहण्याची परवानगी मिळावी. बहुतेक मुख्याध्यापक हो म्हणतात. अर्जाची पोच घ्या आणि फाइलला लावा.