विटांचा संच पारखावा कसा : मुठीत मावणाऱ्या प्रतिकृतीपासून आठवणीतल्या अंतराळयानापर्यंत

तान्हा पोळा जवळ आला की नागपुरात लाकडी बैलांची दुकाने लागतात. जाणते गिऱ्हाईक बैल हातात घेतल्यावर आधी त्याची झूल किंवा शिंगे पाहत नाही. ते बैलाला उलटा करून चाकांचा आस तपासते आणि मग जमिनीवर ढकलून तो सरळ चालतो की एका अंगाला ओढतो हे पाहते. हेच गिऱ्हाईक प्लास्टिकच्या विटांचा संच घ्यायला बर्डीवर गेले, की मात्र डब्यावरचे चित्र आणि कोपऱ्यात छापलेला तुकड्यांचा आकडा एवढ्यावर निर्णय करते. वास्तविक अशा विटा बनवणाऱ्या लेगो कंपनीची सुरुवातही लाकडाच्या खेळण्यांतूनच झाली. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ मध्ये हा उद्योग सुरू केला, आणि आज आपण ओळखतो त्या विटेचे पेटंट १९५८ मध्ये नोंदवले गेले. तेव्हा बैल उलटा करून पाहणारी नजर विटांच्या संचालाही लावता येते. ती कशी लावावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

डबा उघडण्यापूर्वी

किमतीला तुकड्यांच्या संख्येने भागून एका तुकड्याला किती रुपये पडले, हा हिशेब बहुतेक जण करतात. तो करावा, पण त्यावर थांबू नये. २×४ च्या, म्हणजे माथ्यावर चार-चार गोल उंचवट्यांच्या दोन ओळी असलेल्या, साध्या विटेचे वजन सुमारे २.३ ग्रॅम भरते, तर १×१ च्या चपट्या प्लेटचे वजन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसते; तुकडे मोजताना मात्र दोघांची गणना एकेक अशीच होते. त्यामुळे हजार तुकड्यांचा एखादा संच बांधून झाल्यावर तळहातापेक्षा थोडाच मोठा निघतो आणि चारशे तुकड्यांचा दुसरा संच अर्धे टेबल व्यापतो. डबा घरी आला असेल, तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिशव्यांचे एकत्र वजन करून ते तुकड्यांच्या संख्येशेजारी लिहून ठेवावे. दोन संचांची तुलना करताना हे दोन आकडे मिळून जे सांगतात, ते एकटा कोणताच आकडा सांगत नाही.

परदेशी समीक्षा वाचताना एक सावधगिरी बाळगावी. भारताने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेले. साहजिकच तिकडच्या परीक्षकाला जो संच ‘किमतीच्या मानाने उत्तम’ वाटतो, तो आपल्याकडे तसा ठरेलच असे नाही. समीक्षेतला बांधणीविषयीचा भाग घ्यावा, किमतीविषयीचा सोडून द्यावा.

लहान मुलासाठी घेत असाल, तर डब्यावर आयएसआय चिन्ह आहे ना हे पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. इतवारीच्या घाऊक बाजारात मिळणाऱ्या बिनानावाच्या डब्यांच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. तीन वर्षांखालील मूल घरात असेल, तर बारीक तुकड्यांचा कोणताही संच, कितीही चांगला असला तरी, त्याच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नये.

वीट स्वतः कशी आहे

मूळ वीट लेगोची असली, तरी तिचे पेटंट केव्हाच संपले आहे, आणि त्याच मापाच्या विटा आता अनेक कंपन्या कायदेशीरपणे बनवतात. लेगोची वीट ओळखायची असेल, तर वरच्या गोल उंचवट्यांकडे पाहावे. त्यांना सगळे स्टड म्हणतात आणि प्रत्येक स्टडवर कंपनीचे नाव उठावाने उमटवलेले असते. मात्र नाव पाहून गुण देऊ नयेत. माप घेऊन द्यावेत, आणि त्यासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते.

एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर आणि विटेची उंची, स्टड सोडून, ९.६ मिलिमीटर असते. प्लेटची उंची त्याच्या बरोबर एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. आता दहा विटा एकावर एक रचाव्या. वरचा स्टड सोडून उंची ९६ मिलिमीटर भरली पाहिजे. पट्टीवर ९७ किंवा ९८ दिसत असेल, तर विटा नीट बसत नाहीत, आणि मोठ्या प्रतिकृतीत हा फरक साठत जाऊन शेवटी कुठेतरी भिंत फुगते किंवा छप्पर मिटत नाही. एकट्या विटेतली चूक डोळ्यांना दिसत नाही. दहा विटांत ती पट्टीवर उमटते.

त्यानंतर पकड पाहावी. दोन विटा एकाच स्टडवर जोडून वरची वीट धरून उचलावी. खालची गळून पडता कामा नये, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला ती नखाने निघालीही पाहिजे. हे दहा-बारा वेळा जोडून-सोडवून पाहावे, कारण काही स्वस्त विटा पहिल्या दिवशी घट्ट असतात आणि आठवडाभरात सैल पडतात. शेवटी एकाच रंगाच्या पाच-सहा विटा खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवाव्या. ट्यूबलाइटखाली एकसारखा वाटणारा लाल दिवसाच्या प्रकाशात दोन छटांचा निघणे हे घाईत केलेल्या मालाचे लक्षण आहे.

बांधताना वही जवळ ठेवावी

खरे परीक्षण बांधताना होते. वेळ लिहावी, पिशवी क्रमांक लिहावा, आणि जिथे हात थांबला ती जागा लिहावी. थांबण्याचे दोन प्रकार असतात. पुस्तिकेतला काळा आणि गडद राखाडी रंग वेगळा ओळखू येत नाही म्हणून थांबणे हा संचाचा दोष आहे. एखादा जोड कसा लागतो हे पाहून मान डोलावत थांबणे हा त्याचा गुण. मला स्वतःला आडव्या बांधणीचे प्रसंग सर्वांत मोलाचे वाटतात. पाच प्लेटांची उंची बरोबर १६ मिलिमीटर, म्हणजे दोन स्टडांच्या रुंदीइतकी होते. या योगायोगाचा उपयोग करून रचनाकार काही भाग आडवे लावतात आणि स्टड नसलेला गुळगुळीत पृष्ठभाग मिळवतात. ज्या संचात असा निदान एक तरी प्रसंग येतो, तो बांधणाऱ्याला काही शिकवतो. ज्यात डावा पंख बांधून झाल्यावर तेच चाळीस टप्पे उजव्या पंखासाठी उलटे करावे लागतात आणि दुसरे काहीच घडत नाही, त्याचे गुण कमी करण्यास मी कचरत नाही.

स्टिकर आहेत की छापील तुकडे, याची नोंद वेगळी करावी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात स्टिकरच्या कडा उचलल्या जातात, आणि एकदा वाकडा लागलेला स्टिकर सरळ करता येत नाही. छापील तुकडा पुढे दुसऱ्या कशातही वापरता येतो. पिशवीत एखाद-दुसरा बारीक तुकडा जास्तीचा निघतो. तो चुकीने आलेला नसतो, जादा म्हणूनच दिलेला असतो.

लहान प्रतिकृती

शे-दीडशे तुकड्यांच्या प्रतिकृतीत लपायला जागा नसते. प्रत्येक तुकडा बाहेरून दिसतो. म्हणून तिची पहिली परीक्षा अशी करावी : ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, डोळे अर्धवट मिटून पाहावे. आकृती ओळखू आली, तर रचनाकाराने नेमके काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे जाणले होते.

एका डब्यात तीन प्रतिकृती देणारे संच या वर्गात बरेच असतात. १४४ तुकड्यांचा, लेगोच्या क्रिएटर मालिकेतला स्पेस शटल हे त्याचे उदाहरण आहे. त्याच तुकड्यांतून एक अंतराळवीर आणि एक वेगळे यानही होते. अशा संचात डब्यावर मोठे छापलेले रूप आधी बांधू नये. तिसरे, कोपऱ्यात लहान दिसणारे रूप आधी बांधावे आणि किती तुकडे उरले ते मोजावे. निम्म्याहून अधिक उरले, तर ते रूप डब्यावर आकडा वाढवण्यापुरते आहे. त्यानंतर पुस्तिका मिटून, तेवढ्याच तुकड्यांतून आपल्या ओळखीची एखादी वास्तू जमते का ते पाहावे. आमच्या घरी यासाठी झिरो माइलचा स्तंभ ठरलेला आहे. घोडे अर्थातच जमत नाहीत, पण खांब आणि चौथरा तरी उभा राहतो की नाही यावरून संचातल्या तुकड्यांची उपयुक्तता कळते.

आठवणीतले अंतराळयान

आता अवघड भाग. लेगोची अंतराळ मालिका १९७८ मध्ये, म्हणजे हातपाय हलणारे छोटे बाहुले ज्या वर्षी आले त्याच वर्षी सुरू झाली. तिचे मानचिन्ह ठरलेले गॅलेक्सी एक्सप्लोरर हे यान ३३८ तुकड्यांचे होते : निळे-राखाडी शरीर, पिवळ्या पारदर्शक काचा आणि त्रिकोणी पंख. कंपनीला ९० वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, तेच यान १२५४ तुकड्यांत नव्याने आले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की स्मरणरंजनाचा व्यवहार कसा चालतो हे कळते : तुकडे जवळजवळ चौपट झाले, पण यान काही चौपट लांब झालेले नाही. वाढलेले तुकडे पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात आणि आतला सांगाडा बळकट करण्यात गेले आहेत. लहान मुलाच्या आठवणीत ते यान जसे भव्य आणि रेखीव होते, तसे ते मोठ्या माणसाच्या हातात पडावे हा त्यामागचा हेतू आहे.

येथे नागपूरच्या वाचकाला एक फायदा आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या लहानपणी या विटा घरात नव्हत्याच. आमच्याकडे होता तो छिद्रांच्या पट्ट्यांचा आणि नटबोल्टांचा मेकॅनिक्स. अंतराळाची ओढ लागली ती रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात. त्यामुळे या यानाची आठवण आपल्यासाठी उसनी आहे, आणि उसन्या आठवणीला गुण द्यायचे कारण नाही. ज्याने मूळ यान कधी पाहिलेच नाही, अशा घरातल्या मुलाला किंवा शेजाऱ्याला प्रतिकृती दाखवून, काहीही न सांगता, ती आवडते का हे विचारावे. मूळ यान ठाऊक नसताना जे आवडते, ते रचनेचे श्रेय.

यानाची हातपरीक्षा मात्र चुकवू नये. एका हाताने, मागच्या इंजिनांच्या पुढे धरून यान डोक्यावर उचलावे आणि बैठकीच्या खोलीतून गॅलरीपर्यंत नेऊन परत आणावे. वाटेत काय पडले ते लिहावे. मग ते उलटे करून दहा आकडे मोजावे. त्याच वेळी तळाची बाजू पाहून घ्यावी, कारण रचनेतली काटकसर तिथेच केली जाते. जमिनीवर उतरवताना पाय सर्व बाजूंनी टेकतात का, काच उघडून बाहुला शिरस्त्राणासकट बसतो का, मागचे दार उघडल्यावर आतली गाडी बोटे न अडकता बाहेर येते का, हेही पाहावे. सात हजार पाचशे एकेचाळीस तुकड्यांचे २०१७ चे मिलेनियम फाल्कन, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या यानाची प्रतिकृती, अशा परीक्षेला बसवण्याची वस्तू नाही. ते दोन हातांनी, खालून आधार देऊनच हलवावे लागते. म्हणून परीक्षेपूर्वी ठरवावे, की हा संच खेळायचा आहे की मांडायचा. मांडायच्या वस्तूला फिरवण्याचे गुण मागू नयेत, पण डब्यावर खेळणाऱ्या मुलाचे चित्र असेल तर अवश्य मागावेत.

जुना, वापरलेला संच

जुने यान कोणी विकत असेल, तर किमतीपूर्वी तुकड्यांची यादी मागावी. जुन्या संचांच्या याद्या ब्रिकलिंक आणि रीब्रिकेबल या संकेतस्थळांवर क्रमांकानुसार मिळतात. यादी हातात घेऊन तीन गोष्टी आधी पाहाव्या. पहिली, अंतराळवीरांची शिरस्त्राणे : जुन्या साच्यातल्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी फार पातळ होती आणि ती हमखास तडकते. दुसरी, राखाडी रंग : २००४ च्या सुमारास कंपनीने राखाडीची छटा निळसर केली, त्यामुळे जुन्या यानात नंतरचा तुकडा घातलेला असेल तर दिवसाच्या उजेडात तो ठिगळासारखा उठून दिसतो. तिसरी, पारदर्शक काचा : तडा आणि ओरखडे हे दोन वेगळे दोष आहेत, आणि तडा असलेली काच नसल्यासारखीच धरावी.

पांढऱ्या आणि निळ्या विटा उन्हाने पिवळसर, मळकट होतात. हा दोष वयापेक्षा विटा कुठे ठेवल्या होत्या यावर अधिक अवलंबून असतो. म्हणून विक्रेत्याला संच किती जुना आहे हे विचारण्याऐवजी तो कोणत्या खोलीत, कोणत्या खिडकीजवळ होता हे विचारावे. एक प्रतिकृती मी स्वतः पश्चिमेच्या खिडकीत दोन उन्हाळे ठेवली होती. काचेकडची बाजू आणि भिंतीकडची बाजू आता दोन वेगळ्या संचांतल्या वाटतात.

धुवायचे झाल्यास पाणी ४० अंशांच्या वर असू नये, असे कंपनी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी गरम करावे लागत नाही, उलट हाताला चटका देत येते, तेव्हा विटा सकाळी लवकर किंवा माठातल्या पाण्याने धुवाव्या आणि सुती कापडावर सावलीत पसराव्या. पत्र्याखालचा माळा आणि उन्हात उभी केलेली बंद मोटार या दोन्ही जागा टाळाव्या, कारण ताणाखाली असलेल्या लांब, पातळ प्लेटा तिथे वाकतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

सर्वांत शेवटची नोंद महिन्याभराने करावी. तोवर प्रतिकृती रोजच्या वावरातल्या जागी ठेवावी आणि ती किती वेळा कोणी उचलली हे त्याच वहीत लिहावे. मग ती मोडावी, आणि मोडायला घेतल्यावर घरातले कोणी ‘थांबा, तो पंख मला हवा’ असे म्हणाले, तर तेही तारखेसह लिहून ठेवावे.