वाइल्डफ्लायवर रिमोट लॉगिन: पासवर्ड चुकीचा होता आणि तरी चालत होतं

वाइल्डफ्लाय म्हणजे जावाची ॲप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर. ईजेबी (सर्व्हरवर चालणारा जावाचा कोड, त्यालाच बीन म्हणतात) काय, जेएनडीआय लुकअप (ते बीन नावाने शोधणं) काय हे तुम्हाला माहितीये असं धरून चालतो. सर्व्हर सुरू आहे, बीन डिप्लॉय झालंय आणि आता दुसऱ्या मशीनवरच्या जावा क्लायंटने लॉगिन करून त्या बीनची मेथड कॉल करायचीये, एवढंच काम. अर्ध्या दिवसाचं वाटतं. माझे चार दिवस गेले, त्यातले तीन एकाच खड्ड्यात.

जॉबला लागून पाच महिने झालेले. चाकणच्या एका कारखान्याचं स्टॉकचं ॲप, सर्व्हर त्यांच्या ऑफिसात आणि गोडाऊनच्या पीसीवर स्विंगचा (जावाच्या डेस्कटॉप स्क्रीनचा) क्लायंट. माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालवून बघितले, लुकअप झाला, मेथड चालली, सरांना डेमो पण दिला. साइटवर गेलो आणि ऑथेंटिकेशन फेल्ड. गोडाऊनवाले काका मागे उभे राहून बघतायत आणि मी परत परत तेच बटण दाबतोय.

एररमध्ये पहिलंच वाक्य होतं की जेबॉस-लोकल-यूजर (लॉगिनची एक पद्धत, खाली सांगतो), सर्व्हरचं चॅलेंज वाचता आलं नाही, फाइल नॉट फाउंड, आणि पुढे टेम्प फोल्डरमधल्या ऑथ नावाच्या फोल्डरचा लांबलचक पाथ. मी काय केलं तर त्या फाइलच्या मागे लागलो. परमिशन दिल्या, फोल्डर हाताने बनवलं, अँटिव्हायरस बंद केला, दीड दिवस त्यातच. खरी गोष्ट त्याच एररच्या शेवटी होती, डायजेस्ट-एमडी५, म्हणजे पासवर्डवालं लॉगिन, सर्व्हरने नाकारलं. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं. एरर शेवटपर्यंत वाचा रे बाबांनो, कितीही लांब असू दे.

आता हे नीट सांगतो कारण हे कुणीच सांगत नाही. वाइल्डफ्लायच्या डिफॉल्ट कॉन्फिगमध्ये लॉगिनच्या दोन पद्धती चालू असतात. पहिली लोकल: सर्व्हर स्वतःच्या टेम्प फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लिहितो आणि क्लायंटला म्हणतो, ही वाचून दाखव. क्लायंटला ती वाचता आली म्हणजे तो याच मशीनवरचा आहे, मग सोडा आत. पासवर्ड कोणी बघतच नाही! दुसरी डायजेस्ट, जिच्यात तुमचं यूजरनेम पासवर्ड खरंच तपासलं जातं. लोकल जमली नाही तरच क्लायंट डायजेस्टकडे वळतो. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर माझा पासवर्ड एकदाही तपासला गेला नव्हता, आणि मी छाती फुगवून डेमो देत होतो. बीनमध्ये कॉलर प्रिन्सिपलचं, म्हणजे कॉल करणाऱ्या यूजरचं, नाव प्रिंट करून बघा, माझ्याकडे तिथे डॉलर-लोकल आलं, माझा यूजर नाहीच.

मग पासवर्ड चुकला कुठे? यूजर बनवायची वाइल्डफ्लायची ॲड-यूजर स्क्रिप्ट पहिलाच प्रश्न विचारते, मॅनेजमेंट यूजर का ॲप्लिकेशन यूजर, आणि नुसतं एंटर मारलं की मॅनेजमेंट होतो. तो ९९९० च्या ॲडमिन कन्सोलचा यूजर, ईजेबी क्लायंटला त्याचा काही उपयोग नाही. हे कळल्यावर मी अजून शहाणपणा केला, मॅनेजमेंटच्या यूजर फाइलमधली ओळ उचलून ॲप्लिकेशनच्या फाइलमध्ये चिकटवली. नाही चालत. कारण त्या ओळीतला हॅश (पासवर्डऐवजी साठवलेला सांकेतिक मजकूर) नुसत्या पासवर्डचा नसतो, यूजरनेम, रेल्मचं नाव (यूजर कुठल्या यादीतला, मॅनेजमेंट का ॲप्लिकेशन) आणि पासवर्ड तिन्ही कोलनने जोडून त्याचा एमडी५ असतो, रेल्म बदललं की हॅश बदलला. स्क्रिप्ट परत चालवा, ॲप्लिकेशन यूजर निवडा, दोन मिनिटांचं काम आहे. शॉर्टकटने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली.

घाबरू नका पण, एकदा हे डोक्यात बसलं की बाकी सरळ आहे. माझ्यासारखं फसायचं नसेल तर क्लायंटच्या वाइल्डफ्लाय-कॉन्फिग फाइलमध्ये सासल मेकॅनिझम सिलेक्टर (लॉगिनची कुठली पद्धत वापरायची ते ठरवणारी सेटिंग) फक्त डायजेस्ट-एमडी५ ठेवा, मग लॅपटॉपवर पण खरं लॉगिन होईल आणि चुकलं तर तिथेच चुकेल. ही फाइल क्लासपाथवर (जावा जिथे फाइली शोधतं तिथे) मेटा-इन्फ फोल्डरमध्ये पाहिजे, आणि आत नुसतं कॉन्फिगरेशन लिहून भागत नाही, ते वापरा असं सांगणारा रूल पण लागतो. दुसरा उपाय म्हणजे सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या बंद डब्यात चालवायचा, कंटेनरमधली फाइल बाहेरच्या क्लायंटला दिसत नाही, एकाच लॅपटॉपवर रिमोटचा अनुभव फुकटात. फक्त सर्व्हर डिफॉल्टने १२७.०.०.१ वरच, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून ऐकतो, त्यामुळे मायनस बी ०.०.०.० देऊन चालू करा, नाहीतर कनेक्शनच मिळणार नाही आणि तुम्ही परत पासवर्डला शिव्या द्याल.

नेटवरून उत्तरं उचलताना व्हर्जन बघा, प्लीज. पोर्ट ४४४७ लिहिलेलं दिसलं की ते जेबॉस ७ च्या (वाइल्डफ्लायचं आधीचं नाव) जमान्यातलं. २०१४ च्या वाइल्डफ्लाय ८ पासून ईजेबीचे कॉल ८०८० वरूनच जातात, आणि ही वाइल्डफ्लाय-कॉन्फिग फाइल ११ मध्ये, २०१७ ला आली. त्याआधीची उत्तरं जेबॉस-ईजेबी-क्लायंट प्रॉपर्टीज फाइलची असतात. मी दोन्ही फाइली एकत्र ठेवलेल्या, कुठली वाचली जातेय हे मलाच माहीत नव्हतं.

सीनियर लोकांबद्दल एक सांगतो. आमच्या टीममधल्या एकाने सांगितलं, अरे सिक्युरिटीच काढून टाक ना, आतलंच नेटवर्क आहे. असा सल्ला देणारा माणूस प्रॉडक्शन पडल्यावर फोन उचलत नाही. दुसऱ्या एका मॅडमनी उत्तर दिलंच नाही, फक्त म्हणाल्या, ओआरजी डॉट वाइल्डफ्लाय डॉट सिक्युरिटीचा लॉग ट्रेसवर (सगळ्यात बारीक तपशिलावर) टाक आणि वाच. तेव्हा राग आला होता, पण डायजेस्ट कुठे अडतंय ते त्याच लॉगमध्ये दिसलं.

आणि लॉगिन झालं म्हणून लगेच चहा मागवू नका. माझं झालं आणि पुढच्याच कॉलला ॲक्सेस एक्सेप्शन, कारण बीनवर रोल लावलेला (म्हणजे तो रोल असलेल्या यूजरलाच परवानगी) आणि यूजर बनवताना ग्रुपच्या, म्हणजे रोलच्याच, प्रश्नाला मी परत नुसतं एंटर मारलं होतं. ॲप्लिकेशन-रोल्सच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली आणि गोडाऊनच्या स्क्रीनवर पहिल्यांदा स्टॉकची यादी आली. काका म्हणाले, "एवढंच होतं का?"