मुलांच्या रक्ततपासणीतून लोहाची कमतरता कशी ओळखावी

इंदुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना असे अहवाल रोज समोर येतात, ज्यांकडे एकदा पाहून कोणीतरी पालकांना ‘हिमोग्लोबिन ठीक आहे, काळजी नको’ असे सांगितलेले असते. हा सल्ला चुकीचा आहे. शरीरातला लोहाचा साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. म्हणून आकडा चांगला असूनही मूल थकलेले, चिडचिडे किंवा माती-खडू खाणारे असू शकते.

अहवाल हातात आला की प्रथम छापील मर्यादा तपासावी, कारण अनेकदा मुलांच्या अहवालावरही प्रौढांचीच मर्यादा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेनुसार हिमोग्लोबिन ६ ते २३ महिन्यांच्या बाळात १०.५, पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत ११, ५ ते ११ वर्षांत ११.५ आणि १२ ते १४ वर्षांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय; पंधरा वर्षांपासून पुढे मुलींसाठी १२ व मुलांसाठी १३ ही सीमा आहे. नंतर एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) कमी आणि आरडीडब्ल्यू (त्या पेशींच्या आकारांतील तफावत) वाढलेला आहे का, हे पाहावे.

खरी कसोटी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, वाचताना लागते. निरोगी मुलात पाच वर्षांखाली १२ आणि त्यापुढे १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे साठा संपलेला, इतके सोपे हे आहे. पण फेरिटिन ताप, संसर्ग आणि दाह यांतही वाढते आणि तेव्हा रिकामा साठा भरलेला भासतो. काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलीचे फेरिटिन ४८ आले. ते मर्यादेत आहे असे पाहून मी तिच्या आईला ‘लोह पुरेसे आहे’ असे सांगितले. दोन आठवड्यांपूर्वी तिला मोठा ताप येऊन गेला होता, हे मी विचारलेच नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा फेरिटिन ६ होते आणि हिमोग्लोबिनही घसरले होते. ते तीन महिने त्या मुलीचे वाया गेले, याची बोच अजून आहे.

तेव्हापासून फेरिटिनबरोबर सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारा घटक, तपासल्याशिवाय मी मत देत नाही. सीआरपी ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर सीमा बदलते: पाच वर्षांखाली ३० आणि त्यापुढे ७०च्या खालचे फेरिटिनही कमतरताच सुचवते. मात्र आजार ओसरला की सीआरपी लवकर उतरते आणि फेरिटिन मागे रेंगाळते, म्हणून सीआरपी चांगले दिसले तरी गेल्या महिन्यात ताप, जुलाब किंवा खोकला झाला होता का, हे विचारलेच पाहिजे. मूल आजारी असताना ‘एकदाचे सगळेच तपासून टाका’ असा आग्रह पालकांनी धरू नये. तातडी नसेल तर बरे झाल्यावर तीन-चार आठवडे थांबून रक्त द्यावे.

केवळ सीरम आयर्नवरून, म्हणजे त्या वेळी रक्तात फिरणाऱ्या लोहावरून, निदान करू नये. सकाळच्या खाण्याने आणि आदल्या दिवशीच्या गोळीनेही तो आकडा हलतो.

पेशी लहान आणि फेरिटिन मात्र चांगले असेल, तर थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकपणाचा विचार करावा. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागून उत्तर १३च्या खाली आले तर संशय बळावतो, पण निर्णय एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासणीचा. इंदुरातील मोठ्या सिंधी समाजात हे वाहक अधिक आढळतात, तरी मराठी घरांनी हा प्रश्न आपला नाही असे मानू नये. लोह कमी असताना एचबीए२ खोटे कमी येऊ शकते. त्यामुळे आधी लोह भरून काढावे, मग ही तपासणी करावी.

लोहाचे औषध सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवे. वाढले नाही तर आधी विचारावे की औषध दुधाबरोबर किंवा पोह्यांनंतरच्या चहाबरोबर दिले जाते का. तेही नसेल, तर गव्हावर चालणाऱ्या आपल्या माळव्यात सीलिअॅक आजार (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) विसरू नये आणि त्यासाठीची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्यावी. मात्र त्याआधी आपल्या मनाने पोळी बंद करू नये, कारण गहू थांबवल्यावर ही तपासणी फसवी येते.