प्रॅक्टिसच्या आधी मोबाईल लांब कसा ठेवायचा

बेळगावात लेले ग्राउंडवर संध्याकाळी फुटबॉलला बघा, पोरं वेळेच्या आधी येतात आणि कडेला बसून रील बघत राहतात, मग कोच ओरडतो की पास एवढा उशिरा का दिलास. पाय ताजे असतात हो, डोकं दमलेलं असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये फुटबॉलवाल्यांवर हे तपासलं, 15 मिनिटं सोशल मीडिया बघून काही बिघडलं नाही पण 30 आणि 45 मिनिटांनंतर पास कुणाला द्यायचा हेच चुकायला लागलं. पुढे स्विमिंगवाल्यांवर केलं तर 50 मीटरला फरक नाही, 100 आणि 200 ला मात्र स्लो.

तर पहिलं काम, प्रॅक्टिस साडेपाचला असेल तर साडेचारनंतर रील, इन्स्टा, गेम सगळं बंद. ग्राउंड ओलं आहे का वगैरे ग्रुपवर विचारायचं ते आधीच उरकून घ्या, जुलैत तर रोजच विचारावं लागतंय.

खरी पंचाईत खानापूरकडून बसने येणाऱ्यांची. खिडकीला बसलं की हात आपोआप खिशात जातो आणि उतरेपर्यंत अर्धापाऊण तास गेलेला असतो. त्यांनी बसमध्ये चढायच्या आधीच डेटा बंद करून फोन बॅगेत तळाला, बुटांच्या खाली टाकावा, रिंग चालू राहू दे म्हणजे घरचा कॉल चुकणार नाही. गाणी ऐका की, पण लिस्ट घरीच लावून ठेवा, नाहीतर गाणं बदलायच्या निमित्ताने परत स्क्रीन सुरू.

पटत नसेल तर स्वतःवर टेस्ट करा. चार रंगांचे स्केचपेन घ्या, 'लाल' हा शब्द निळ्याने, 'हिरवा' काळ्याने असे तीसेक शब्द लिहा, आणि शब्द न वाचता शाईचा रंग पटापट म्हणायचा, दोस्ताने स्टॉपवॉच लावायचं. ज्यांची शाळा कन्नड मीडियम त्यांनी शब्द कन्नडमध्येच लिहावेत, जी लिपी न ठरवता वाचली जाते तीच आडवी येते. पहिल्या दोनतीन वेळा नुसत्या सवयीनेच टाइम कमी होतो, ते आकडे धरू नका. नंतर एक दिवस अर्धा तास रील बघून, एक दिवस न बघता, टाइम आणि चुका दोन्ही लिहून ठेवा.

आणि कोच लोकांनो, प्रॅक्टिसला निघायच्या वेळी मॅचचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून 'बघून या' म्हणू नका, तो सकाळीच टाका.